बोरूच्या रानात काही नाही

“आई, इथे कुठे पंप चालू राहिलाय का?” सुनेनं विचारलं तेव्हा मी पक्षी बघायच्या लपणाच्या फटीला दुर्बीण लावून चिखलात लगबगीनं फिरणाऱ्या एका तुतवाराकडे बघत होते. दुर्बीण न काढताच मी म्हटलं, “कसला पंप?” “अहो, मघापासून किर्र वाजतंय ना एकसारखं. डोकं उठलं माझं.” सुनेला पक्ष्यांशी काही देणंघेणं नाही. चार दिवस आमच्याकडे राहायला आली होती, घरात बसून कंटाळली, म्हणून संध्याकाळी तिला पाणथळीवर घेऊन आलो होतो, एवढंच. या लाकडी खोपटात बसून तासन्‌तास गप्प राहायचं म्हणजे तिला शिक्षाच. ती फटीकडे पाठ करून बाकावर बसली होती आणि मोबाइल वर धरून रेंज शोधत होती. मी पुढे काही विचारायच्या आत आमचे हे म्हणाले, “विजेच्या तारा असतील. दमट हवेत वाजतात तशा,” आणि लगेच थर्मासचं झाकण फिरवायला लागले. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. शिवाय हा माणूस उभा जन्म छापखान्यात यंत्रांच्या खडखडाटात कान घालवून बसलेला. याला तारा कुठून ऐकू आल्या? मी दुर्बीण खाली घेतली. “कुठून येतंय?” मी सुनेला विचारलं. “त्या उंच गवतातून,” ती म्हणाली आणि तिनं डावीकडच्या बोरूच्या रानाकडे बोट दाखवलं. “बघा, आत्ता थांबलं. हां, झालं परत सुरू.” मी कानात प्राण आणून ऐकलं. पाण्यावर एक वारकरी बदक ओरडलं, ते ऐकू आलं. वारा बोरूतून गेला, तोही आला, पण तो पूर्वीसारखा सळसळून नाही, कुणी घोंगडी ओढत नेल्यासारखा. त्यापलीकडे काही नाही. सून म्हणत होती थांबलं, सुरू झालं, आणि माझ्या कानांत नुसतं माझंच रक्त वाहत होतं. “घ्या चहा,” हे म्हणाले. ते माझ्याकडे बघत नव्हते.

बोरूत एक पक्षी असतो. पुस्तकात त्याचं लांबलचक नाव आहे, पण आम्ही पक्षी बघणारे त्याला किरकिऱ्या म्हणतो. बघणारे म्हणायचं आपलं, कारण हा दिसतच नाही. मातकट, मुठीएवढा, बोरूच्या बुडाशी उंदरासारखा फिरणारा. वसंतात दूरदेशाहून येतो, पहाटे आणि तिन्हीसांजेला बोरूत खोल बसून किर्र लावतो ती मिनिटं न्‌ मिनिटं थांबत नाही, आणि घरटं झालं, पिल्लं झाली की मुकाट परत जातो. आहे की नाही ते फक्त कानांना कळतं. ज्याला माहीत नाही त्याला वाटतं कुठे पंप चालू राहिला. मला पहिल्यांदा ऐकू आला तेव्हा मीही तिथल्या राखणदाराला हेच विचारलं होतं, आणि तो इतका हसला होता की मला राग आला होता. पुढे मात्र किरकिऱ्या म्हटलं की मीच. दोन नर शेजारी शेजारी गात असले तरी मला वेगवेगळे सांगता यायचे, एकाची किर्र जरा कोरडी, दुसऱ्याची ओली. माझे कान तिखट. माहेरी आई म्हणायची, हिच्यापासून काही लपवायचं तर मनातसुद्धा बोलू नये. त्याच कानांवर मी पोट भरलं. न्यायालयात लघुलेखिका होते. साक्षीदार खाली मान घालून पुटपुटायचे, वकील एकमेकांच्या अंगावर ओरडायचे, वर पंखा घरघरायचा, आणि मी खाली बसून शब्द न्‌ शब्द उतरवायची. कुणाचं काय राहिलं तर न्यायाधीश माझ्याकडे बघायचे आणि मी वाचून दाखवायची. त्याचा माज होता मला. होताच. नोकरीच्या शेवटी शेवटी मला वाटायला लागलं की नवे साक्षीदार फार तोंडातल्या तोंडात बोलतात, नवे वकील तर शब्द खाऊनच टाकतात. कुणाला कसं स्पष्ट बोलायला शिकवत नाहीत, असं मी घरी येऊन चिडून सांगायची. गाळलेलं मी अंदाजानं भरत गेले, आणि अंदाज माझे चांगले होते, असं मला वाटत होतं. लपणातून बाहेर पडून बांधावरून चालताना हे एकदम डोक्यात आलं. एक साक्षीदार बाई होती, फार हळू बोलणारी. ती काय म्हणाली होती? मी काय लिहिलं होतं? आता कोण सांगणार.

पुढे सून चालत होती, मागे मी, माझ्यामागे हे. फाटकाजवळ पिवळं यंत्र उभं होतं. त्याच्या लांब दांड्याला लोखंडी जबडा, त्यात बोरूचे ओले तुकडे अडकलेले. पलीकडच्या टोकापासून कापणी सुरू झाली होती. बोरू काढून तिथे मोकळं पाणी करायचं, बदकं उतरतील, लोकांना बसून बघायला एक लाकडी गच्ची बांधायची, असं ठरलं होतं. पाणी उतरल्याशिवाय यंत्र आत जात नाही आणि पाणी उतरतं ते नेमकं वसंतात, म्हणून आत्ताच. वसंतात बोरूला हात लावायचा नाही, हा तिथला पहिला नियम. तो मोडता आला कारण बोरूत राहणारं आता कुणी उरलं नाही, हे सिद्ध झालं होतं. सिद्ध मी केलं होतं. आमच्याकडे वसंतात एक पहाट असते, मौनाची पहाट म्हणतात. उजाडायच्या आत प्रत्येकानं आपापल्या जागी जाऊन बसायचं आणि ऐकायचं. एका जागी एकच ऐकणारा. कुणाला सोबत हवी तर न्यावी, पण सोबत्यानं तोंड उघडायचं नाही, बोट दाखवायचं नाही, भुवईसुद्धा उडवायची नाही, कारण दुसऱ्यानं सांगितलं की नसलेलंही ऐकू यायला लागतं. ऊन वर आलं की सगळ्यांनी फाटकाशी जमायचं आणि आपल्या जागी काय ऐकलं ते मोठ्यानं सांगायचं. त्यावर कुणी उलट विचारत नाही. जिथे जो बसला तिथलं त्याचं खरं. बोरूचं रान सदैव माझं. गेल्या वसंतात आणि त्याच्या आदल्या वसंतात मी फाटकाशी उभी राहून सांगितलं, “बोरूच्या रानात काही नाही.” लोकांनी माना खाली घातल्या. एका बाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. मी घरी येऊन रडले, किरकिरे गेले म्हणून, जगाचं काही खरं नाही म्हणून. आणि हे माझ्याजवळ बसून माझ्या डोक्यावर थोपटत होते. दोन्ही वेळा माझे सोबती हेच होते, शेजारच्या बाकावर, मांडीवर थर्मास घेऊन.

रात्रीचं जेवण झालं. मी भांडी घासत होते, बाहेर टीव्ही लागला होता. “बाबा, किती मोठ्यानं!” सून हसत म्हणाली. “परवा आई बाजारात गेल्या होत्या तेव्हा तर तुम्ही इतका बारीक लावला होतात की मला कळेना चालू आहे की बंद.” हे काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही. मी नळ बंद केला. आमच्या घरात टीव्ही मोठ्यानं लागतो तो यांच्यासाठी, ही आमच्या घरातली सर्वमान्य गोष्ट. मी सगळ्यांना सांगत आले. नातेवाइकांत सांगितलं, शेजारी सांगितलं, पाणथळीवर तर मी यांची ओळखच तशी करून दिली, “हे आमचे हे. यांच्याशी जरा ओरडून बोला बरं का, यांचे कान छापखान्यात जमा झालेत.” लोक हसायचे, हेही हसायचे. तिथला अधिकारी यांच्याशी दोन्ही हात तोंडाशी धरून बोलतो. आणि मी ओले हात घेऊन आमच्या स्वयंपाकघराकडे नव्यानं बघायला लागले. दाराची घंटा. आधीची चिमणीसारखी चिवचिवायची, ती यांनी एक दिवस काढून टाकली आणि देवडीवरच्या टोल्यासारखी ढणढण वाजणारी लावली, म्हणाले, जुनी बिघडली. बिघडली नव्हती. धुण्याच्या यंत्राचं काम संपलं की हे उठून जातात, मी कितीदा म्हटलं, तुम्हाला बरं कळतं बाई. फ्रीजचं दार उघडं राहिलं की जाता जाता लावून टाकतात, न बोलता. बाहेर कुणी मला काही विचारलं की हे आधी तो प्रश्न पुन्हा म्हणतात, “हो का, भाव विचारताय?” आणि मग मी उत्तर देते. याला मी यांची सवय समजत होते, म्हातारपणाची बडबड. कितीदा खेकसलेही असेन, मला काय कळत नाही का, सारखं काय पोपटासारखं. एक माणूस माझ्याभोवती भिंत बांधत होता, विटेवर वीट, आणि मी त्यालाच नावं ठेवत होते. मला कृतज्ञ वाटायला हवं होतं. मला वाटली ती भीती, आणि तिच्याखाली असा संताप की हातातलं पातेलं मी जोरात आपटलं. ते मला छान ऐकू आलं.

सकाळी सुनेची गाडी होती. ती पाया पडली, “आई, तब्येतीला जपा, बाबांचे कान दाखवा एकदा कुणाला तरी,” म्हणाली आणि गेली. दार लावून मी स्वयंपाकघरात आले तर हे दूध तापवत उभे होते. मी सरळ विचारलं, “कधीपासून?” यांनी गॅस बारीक केला. “काय कधीपासून?” “माझ्याशी वकिली करू नका. वकील पुष्कळ बघितलेत मी.” हे दुधाकडेच बघत राहिले. मग म्हणाले, “झाली बरीच वर्षं. तू नोकरीत होतीस तेव्हापासून. हळूहळू झालं गं. आधी घंटा, मग ते कुकराचं, मग बारीक बारीक.” “आणि तुमचे कान?” “माझे बरे आहेत.” “बरे आहेत!” “छापखान्यात मी कागदाच्या कोठीत होतो. यंत्रापासून लांब. तू कधी आत आली नाहीस.” मी खुर्चीवर बसले. दूध वर आलं, यांनी उतरवलं. हा माणूस इतकी वर्षं बहिरा म्हणून स्वतःचं हसं करून घेत होता, का, तर घरात एकाला बहिरं असायलाच हवं होतं आणि ते मला परवडलं नसतं. “आणि बोरूत?” मी विचारलं. यांनी दुधावर झाकण ठेवलं. “अहो, बोरूत?” “होता,” हे म्हणाले. “मागच्या वर्षी?” “होता.” “त्याच्या आधी?” “तेव्हा तर दोन-तीन असतील. मला कुठे तुझ्यासारखे वेगळे सांगता येतात. पण होते. कान किटेपर्यंत वाजत होते.” “मग मी तिथे सगळ्यांसमोर काही नाही म्हणाले तेव्हा तुम्ही बोलला का नाहीत?” “सोबत्यानं बोलायचं नसतं,” हे म्हणाले, आणि स्वतःच्याच उत्तराची त्यांना लाज वाटली असावी, कारण मग हळूच म्हणाले, “तुझा चेहरा बघवला नसता. तुझ्याकडे दुसरं होतं काय? मला वाटलं, एका पाखरानं काय बिघडतंय. इथे नाही तर तिथे राहील. मला काय ठाऊक ते रान कापायला काढतील.” “पण काढलं तेव्हा?” “तेव्हा मला वाटलं, आता सांगितलं तर तू मरशील.” हे मोठ्यानं बोलत होते, एक एक अक्षर सुटं करून, माझ्याकडे तोंड करून. असंच बोलतात ते माझ्याशी, कित्येक वर्षं. मला वाटायचं बहिरी माणसं अशीच बोलतात.

पाणथळीच्या कचेरीत तो अधिकारी एकटाच होता. पोरगेलासा आहे, पण माणूस चांगला, कामाचा. मला मॅडम म्हणतो, यांना काका. भिंतीवर नव्या आराखड्याचं चित्र लावलेलं, निळंशार पाणी, गच्चीवर उभी माणसं, आणि जिथे बोरू होता तिथे बदकं. मी उभ्याउभ्याच सांगितलं. इतक्या वर्षांत मी न्यायालयात दुसऱ्यांचे कबुलीजबाब उतरवून घेतले, आज माझा मी दिला. “माझे कान गेलेत. मी दोन्ही वेळा चुकीचं सांगितलं. किरकिरे बोरूत आहेत. यंत्र थांबवा.” तो आधी गडबडला, खुर्ची पुढे केली, पाणी दिलं. मग म्हणाला, “मॅडम, रागावू नका. पण तुम्हाला ऐकू येत नाही म्हणता, मग ते आहेत हे कळलं कसं?” “सुनेनं ऐकलं. काल संध्याकाळी.” “त्यांना ओळखू येतो किरकिऱ्या?” “नाही हो. ती म्हणाली पंप चालू आहे.” त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला पुरतं कळलं. “मॅडम, पंप आहेच तिथे. पाणी उपसायला लावलाय पलीकडून.” “पंप मला ऐकू येतो!” मी जवळजवळ ओरडले. “जाड आवाज मला सगळे येतात. बारीक गेलेत.” “हो, हो,” तो म्हणाला, ज्या सुरात आजाऱ्याला म्हणतात त्या सुरात. “यांनी ऐकलंय,” मी म्हणाले, “दोन्ही वर्षी. काल पण.” त्यानं यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि मग तो बिचारा दोन्ही हात तोंडाशी नेऊन ओरडला, “काका! तुम्हाला! आवाज! आला होता?” “हळू बोललास तरी चालेल,” हे म्हणाले. “आला होता.” अधिकारी हसला, आवरलं त्यानं, पण हसलाच. यांच्या बहिरेपणाचे माझे किस्से याच कचेरीत चहा पिताना मी रंगवून रंगवून सांगितले होते. एक तर मला अगदी साधला होता, यांचे हावभाव करून मी सांगायची आणि हे कोपऱ्यात बसून मान डोलवायचे. आता मी कुठल्या तोंडानं सांगणार की ते सगळं उलटं होतं? सांगितलं मी. शब्द न्‌ शब्द सांगितलं. जितकं सांगत गेले तितका तो माझ्याकडे आणखी मायेनं बघायला लागला, आणि ती माया बघून मला कळलं की आता माझं कुणी काही खरं धरणार नाही. शेवटी म्हणाला, “असं करू. आज यंत्र थांबवतो. उद्या पहाटे मी स्वतः येतो, तिघं बसू. वाजला, तर मी काम बंद करतो, वर काय उत्तर द्यायचं ते मी बघतो. मग तर झालं?” याहून जास्त कुणी काय करणार.

घरी आलो. हे दोनदा येऊन बसले, उठून गेले. मला त्यांच्याशी भांडताही येईना. मी खिडकीत उभी राहिले. खाली रस्त्यावर मुलं शाळेतून येत होती, एक मुलगी शिट्टी वाजवत होती, गाल फुगलेले दिसत होते. समोरच्या झाडावर शिंपी होता, शेपटी वर करून. तो बोलत असणार, तो गप्प बसणारा पक्षी नाही. मी विचार करत राहिले की याला शेवटचं कधी ऐकलं, आणि आठवेना. जाताना सांगून तर कुणी गेलं नव्हतं. किरकिऱ्या शेवटचा ऐकला ती पहाट कुठली? मी उठून आले असेन, डबा धुतला असेन, नोकरीवर गेले असेन, आणि तो शेवटचा होता हे मला माहीत नव्हतं. नंतर ज्याला मी उजाड झालेलं जग म्हणत होते, सभांतून ज्याविषयी पोटतिडकीनं बोलत होते, पूर्वी इथे किती पाखरं होती म्हणून लहान मुलांना सांगत होते, ते जग आपल्या जागी होतं. उजाड मी झाले होते. आणि माझ्या बोलण्यावर विसंबून लोकांनी ते खरोखरच उजाड करायला घेतलं होतं. हे मला सहन होईना. मी कपाळ काचेवर टेकलं. काच थंड होती आणि तिच्यातून रस्त्याची धडधड येत होती, तेवढी येत होती.

पहाटे आम्ही लपणात न जाता थेट बांधावर बसलो, बोरूच्या जितकं जवळ जाता येईल तितकं. थंडी होती. अधिकारी मधे, मी एका बाजूला, हे दुसऱ्या. अर्ध्याहून जास्त रान कापलेलं, नुसते बुडखे आणि त्यांत साचलेलं काळं पाणी. उरलेल्या पट्ट्यात बोरूचे तुरे हलत होते. यंत्र बांधाच्या खाली उभं होतं आणि यंत्रवाला आत पाय वर घेऊन झोपला होता. पंप बंद ठेवायला सांगितला होता. पूर्वेला फटफटलं. मी बोरूकडे बघितलंच नाही, मी अधिकाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघत होते. तो मनापासून ऐकत होता, डोळे मिटून, तोंड जरा उघडं ठेवून, मी पूर्वी ऐकायची तसं. त्याच्या कपाळावर एकदाच बारीकशी आठी आली, मला वाटलं आलं, आलं, पण ती गेली. मी मनात म्हणत होते, वाज. वाज रे बाबा. माझ्यासाठी नको, तुझ्यासाठी वाज. बोरूत काहीतरी सरसरत वर आलं आणि परत खाली गेलं, पण तो वाराही असेल. उजेड आला, मग ऊन आलं, तुऱ्यांची टोकं पिवळी झाली. नियम काय तो सगळ्यांना ठाऊक होता, ऊन वर आलं की संपलं. अधिकाऱ्यानं डोळे उघडले. “नाही, मॅडम,” तो म्हणाला. त्याला वाईट वाटत होतं. “मला तरी काही आलं नाही.” “आहे,” हे पलीकडून म्हणाले. “मधे एकदा वाजला. आत्ता पण वाजतोय.” अधिकाऱ्यानं क्षणभर परत ऐकलं, खरंच ऐकलं, मग यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि उठला. “काका, चला, गार लागेल तुम्हाला,” तो ओरडून म्हणाला, आणि यंत्रवाल्याला उठवायला बांध उतरायला लागला.

मी यांच्याजवळ सरकले. “अहो,” मी म्हणाले, “तुम्ही म्हणालात तर मी जाऊन त्या यंत्रासमोर आडवी पडते. वेडी म्हणू दे मला. पण खरं सांगा. आहे?” “आहे,” हे म्हणाले. “माझी समजूत घालायला म्हणत असाल तर आत्ता नको. आयुष्यात एकदा नको.” “आहे गं,” हे म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते, पण ते माझ्यासाठीही भरतात. यांचं खोटं मी लग्नाच्या पहिल्या वर्षातच ओळखायला शिकले. खोटं बोलायच्या आधी हे दातांतून बारीकसा श्वास आत ओढतात, स्‌ असा, बारीक, दुसऱ्या कुणाला कळणार नाही इतका. यांना मी ते कधी सांगितलं नाही, सांगितलं असतं तर ती खूण गेली असती. उशीर का झाला, पैसे कुणाला दिले, दुखतंय की नाही, सगळं मी त्या श्वासावर पकडलं. मग कधीतरी तो यायचा बंद झाला, आणि मला वाटलं, वय झालं, माणूस सुधारला, आता माझ्याशी खोटं बोलत नाही. खाली अधिकारी यंत्राच्या दारावर थापा मारत होता. मी माझा कान यांच्या तोंडाला नेऊन लावला, त्यांच्या दाढीचे खुंट टोचले. “परत सांगा,” मी म्हणाले. “आहे,” हे म्हणाले. ‘आहे’ तेवढं मला ऐकू आलं. त्याच्या आधी काही होतं का, ते नाही आलं. खाली यंत्र सुरू झालं, ते स्पष्ट ऐकू आलं, आणि मी जागची हलले नाही.